रेकॉर्डिंगची घाई करा, टाकायची करू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही देवलापारच्या पुढच्या एका गावचे, गोंड घरातले, सध्या नागपुरात नोकरीला. आजी ऐंशीच्या पुढे गेली. तिच्याकडच्या आणि गावातल्या आणखी चार-पाच म्हाताऱ्या माणसांकडच्या गोष्टी, गाणी, गाव कसं वसलं त्याची हकिगत रेकॉर्ड करून तुम्हाला यूट्यूबवर चॅनेल काढायचंय. मोबाइल चालेल का, माइक कोणता घ्यावा, परवानगीचा कागद कसा करावा, हे तुम्ही विचारलंत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की गावातले दोन-तीन जण "हे बाहेर देऊ नका" म्हणतात, त्यांना कसं समजवायचं. शिवाय आजी एक गोष्ट नेहमी अर्ध्यावर सोडते, तिच्याकडून पुढचं कसं काढून घ्यायचं.

माइकचं सांगते, पण खरे प्रश्न तुम्ही जाता जाता विचारले तेच आहेत.

मी नागपुरात राहून गेली बावीस वर्षं हे काम करते. सुरुवात कॅसेटच्या टेपवर झाली. गोंदियाकडे सालेकसा, चंद्रपूरकडे जिवती, यवतमाळकडे कोलामांचे पोड (वस्त्या), मेळघाटातली कोरकू गावं, असं फिरणं झालं. मी स्वतः आदिवासी नाही. गोंडी मला समजते, बोलताना अडखळते. तुम्ही घरचे आहात, त्यामुळे माझ्या निम्म्या अडचणी तुम्हाला येणारच नाहीत. पण घरच्या माणसाला गावाचा राग घेऊन शहरात परत जाता येत नाही, त्याला त्याच गावात राहायचं असतं. तेव्हा माझं सांगणं तुमच्या गावाच्या मापाने कापून घ्या.

मुख्य गोष्ट ही की रेकॉर्ड करणं आणि लोकांपुढे ठेवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांचा वेळही वेगळा आहे. रेकॉर्डिंगची घाई आहे, कारण आजी ऐंशीच्या पुढे आहे. टाकायची घाई मुळीच नाही. आज टेपलेलं पाच वर्षांनी टाकलं तरी काही बिघडत नाही. आज टाकलेलं उद्या परत घेता येत नाही. काढून टाकलं तरी कुणीतरी उतरवून घेतलेलं असतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका प्रधान बाबांमुळे शिकले. प्रधान म्हणजे गोंडांची वंशावळ, देवांच्या कथा, गोंडांचा आदिगुरू लिंगो याची कथा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपणारा समाज, हे तुम्हाला सांगायला नको. बाबा किंगरी हे तारेचं वाद्य वाजवत. तीन दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक लांब गाणं म्हटलं. आवाज थकलेला, किंगरीची तार मध्येच उतरलेली, मागे शेळीचं करडू ओरडतंय, पण अंगावर काटा आला. मी विचारलं, "बाबा, हे लोकांना ऐकवू का?" ते म्हणाले, "ऐकव ना." मी नऊ मिनिटांचा तुकडा त्यांच्या फोटोसकट इंटरनेटवर टाकला. माझ्या मते परवानगी घेऊन टाकला होता.

दीड-दोन वर्षांनी पुन्हा त्या गावात गेले. बाबांनी चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात गावात वरात आली होती. डीजेवर माहा आवाज वाजत होता. मी घरातून बाहेर आलो अन् इचारलं, कोन मेलं?"

ते गाणं मरणानंतरच्या विधीतलं होतं. कुणीतरी त्यातल्या दोन ओळी कापून खाली ढोलाचा ठेका चढवला होता आणि पोरं त्यावर नाचत होती. बाबा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना वाटलं होतं, मी माझ्या घरच्यांना ऐकवणार, फार तर कॉलेजातल्या पोरांना. "लोकांना" या शब्दात माझ्या मनात जग होतं, त्यांच्या मनात पंचवीस माणसं. आमच्या दोघांच्याही तोंडी एकच शब्द होता, म्हणून मला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं. मी तो तुकडा त्याच रात्री काढला. डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हमधून तो कोण काढणार?

तेव्हापासून मी परवानगी तीन उंबरठ्यांनी मागते: घर, गाव आणि जग. घर म्हणजे कुटुंबाने ऐकायचं, नातवंडांनी जपायचं. गाव म्हणजे गावात, सगेसोयऱ्यांत, जत्रेत ऐकवायचं. जग म्हणजे जे कुणालाही, कुठूनही, कापून-जोडून वापरता येईल. प्रत्येक तुकड्याबद्दल वेगळं विचारायचं. एकाच तासाच्या बोलण्यात गाव वसल्याची हकिगत जगासाठी असू शकते, भाऊबंदकीचं भांडण घरापुरतं आणि देवाचं नाव घेऊन म्हटलेला भाग गावापुरता. "जग" समजावताना शब्द वापरू नका, दाखवा. तुमच्याच फोनवर कुठलंही व्हायरल झालेलं लग्नातलं गाणं लावा, त्याखालच्या घाणेरड्या कॉमेंट वाचून दाखवा आणि सांगा, आजी, तुझ्या आवाजाखाली असंही कुणी लिहू शकतं. हे सांगून झाल्यावर मिळालेला होकार तेवढा होकार.

कागदाचं म्हणाल तर मी कागदावर भिस्त ठेवत नाही. आपल्या भागात म्हाताऱ्या माणसापुढे कागद आणि स्टॅम्पपॅड ठेवलं की त्यांना जमीन आठवते. अंगठा देऊन जमीन गेल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. होकार बोलून घ्या, त्यांच्या भाषेत आणि तो रेकॉर्ड करा. विचारायची वेळही सांभाळा. सगळे जण सुरुवातीला विचारतात. पण आपण काय बोलणार आहोत हे बोलायच्या आधी कुणाला ठाऊक असतं? बोलणं संपल्यावर विचारा. मग दहा-पंधरा दिवसांनी तेच रेकॉर्डिंग त्यांना ऐकवून पुन्हा विचारा. माझ्या अनुभवात दुसऱ्या वेळी निदान एखादी जागा तरी बदलते. "तेवढं त्या मामाचं नाव काढ," किंवा उलट, "हे अर्धवट सांगितलं, पुन्हा सांगते." संस्थेला किंवा विद्यापीठाला कागद लागला तर नंतर करा, त्यात हेच तीन उंबरठे लिहा.

आणि काही गोष्टींची परवानगी एका माणसाला देताच येत नाही. आजीचं लग्न कसं झालं ही तिची गोष्ट आहे, ती देऊ शकते. पण तुमच्या कुळाच्या देवाचं गाणं तिचं एकटीचं नाही. ते भूमकाला म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, कुळातल्या जाणत्यांना विचारावं लागेल; गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात, तेव्हा सात देवांचे असाल तर सात देवांच्या लोकांना. चार माणसं सभा-मंडपात किंवा मोहाखाली बसवून विचारा. नागपूर जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येत नाही, त्यामुळे गडचिरोलीसारखी पेसाची, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास कायद्याची, ग्रामसभा तुमच्याकडे नाही. पण वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा तुमच्याही गावाला आहे, ती बसत असेल तर तिथे हा विषय मांडता येतो.

आता "बाहेर देऊ नका" म्हणणाऱ्यांकडे येते. तुम्ही विचारलंत, त्यांना कसं समजवायचं. आधी समजून घ्या ते असं का म्हणतात. ही माणसं तुमच्या कामातली अडचण नाहीत. तुमच्या कामाचे निम्मे नियम त्यांच्याकडे आहेत.

मी हे "नाही" बऱ्याच गावांत ऐकलंय आणि दर वेळी त्यामागे वेगळं कारण निघालंय. एका गावात आजोबांनी दोन वर्षं मला उभं केलं नाही. नंतर कळलं, माझ्या आधी कुणी साहेब येऊन दोन दिवस फोटो काढून गेले होते, पुस्तक देतो म्हणाले होते, ते पुस्तक आलंच नाही. त्यांचं "नाही" मला नव्हतंच, त्या साहेबाला होतं. तिथे उपाय एकच होता, जे नेलं ते परत आणून दाखवायचं. दुसऱ्या गावात भीती ठिकाणाची होती. गोष्टीत एका जुन्या ठाण्याचा, म्हणजे देवाच्या जागेचा, आणि दगडाचा उल्लेख यायचा. विदर्भात गुप्तधनाच्या नादात रात्री देवळं नि ठाणी उकरणारे लोक आहेत, हे तुम्हीही ऐकलं असेल. गोष्ट बाहेर गेली की मागोमाग फावडी येतात, अशी त्यांची समजूत होती आणि ती चुकीची नव्हती. तिथे आम्ही गोष्ट ठेवली आणि ठिकाणाची नावं काढली. तिसरीकडे प्रश्न औषधी झाडपाल्याचा होता. कुठली मुळी, कधी खणायची, कशात उगाळायची, हे एकदा जाहीर झालं की ठेकेदाराला वेगळं शोधायला नको. अशी माहिती मी टेपते, पण कुठेही टाकत नाही. जैवविविधता कायद्याखाली लोकांची नोंदवही असते, गावाला नोंदवायचं असेल तर त्यांनी ठरवून तिथे नोंदवावं.

आणि काहींचं कारण फक्त एवढंच असतं: आम्हाला हसतील. आश्रमशाळेत गोंडी बोलल्यावर मार खाल्लेली पिढी आहे ती. कारण विचारलंत आणि "आमची भाषा लोकांना हसू येते" असं उत्तर आलं, तर त्या माणसाला वाद घालून पटवू नका. त्याला कुणाचं तरी रेकॉर्डिंग गावात, त्याच्या नातवासमोर ऐकवा. नातू कान देऊन ऐकताना दिसला की पुष्कळ फरक पडतो.

एवढं करूनही कुणी "नाही" म्हणालं तर ते नाहीच. त्यांच्या वाटणीचं सोडून द्या. चॅनेल थोडं रिकामं राहील.

आपल्या शहराचंच एक उदाहरण देते, कारण हा प्रश्न यूट्यूबइतका नवा नाही. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या या नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला रोज दिसतं. त्यांनी एका प्रधानाकडून लिंगोचं गाणं उतरवून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटच्या दौऱ्यात ते बुडून गेले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. ते छापलं म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण ते वाचू शकतो, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मी हिस्लॉपचं नाव सांगते, टेम्पलचं सांगते. ज्याच्या तोंडून ते गाणं आलं त्याचं नाव मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही रेकॉर्डिंग कराल तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात नाव, गाव, कूळ, तारीख, समोर कोण कोण बसलंय, हे तुमच्या आवाजात बोलून ठेवा. फाइलचं नाव बदलेल, वही हरवेल, आवाजात असलेलं नाव जात नाही. अर्थात नाव द्यायचं की नाही हेही त्यांनाच विचारून.

आता साधनांचं. मोबाइल चालतो. आजचा बरा मोबाइल माझ्या पहिल्या टेपपेक्षा कितीतरी चांगला आवाज घेतो. पण व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज चेपला जातो. वेव्ह (.wav) फाइल देणारं एखादं रेकॉर्डिंग ॲप घ्या, सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ठेवा. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी जागा लागते, मोनो असेल तर अर्धी. कॉलरला लावायचा वायरचा साधा माइक घ्या. बॅटरीवाल्या वायरलेस माइकची चार्जिंग नेमकी गोष्ट रंगात आली की संपते. फोन एअरप्लेन मोडवर. पंखा, कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून ऐंशीच्या माणसाला बसवणं क्रूरपणा आहे, म्हणून मे महिन्यात जाऊच नका. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे सगळे जंगलात, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसात रोवणी, त्यात टिनाच्या छपरावर पाऊस असा वाजतो की काही ऐकू येत नाही. धान निघाल्यापासून होळीपर्यंतचा काळ आपला. शेकोटी असते, माणसं निवांत असतात. फक्त शेकोटीपासून माइक दूर ठेवा, लाकूड तडतडलं की कानात गोळी सुटल्यासारखं वाटतं.

व्हिडिओचा मोह आवरा. पहिली चार-पाच बसणी नुसत्या आवाजाची करा. कॅमेरा लागला की आजी नवं लुगडं नेसेल, ताठ बसेल आणि शाळेतल्या पाहुण्यांसमोर बोलतात तसं बोलेल.

बोलतं कसं करायचं, यावर पुष्कळ लिहिता येईल. दोनच गोष्टी सांगते. "तुमचा इतिहास सांगा" असं विचारू नका, कारण इतिहास म्हटला की म्हातारी माणसं शिवाजी महाराजांपासून सुरू करतात किंवा "आम्हाला काय इतिहास, बापू" म्हणतात. वस्तूवरून विचारा. हे जातं कुठून आलं? बहात्तरच्या दुष्काळात घरात काय शिजायचं? पेंचचं धरण झालं तेव्हा कोणती वाट बुडाली? साल विचारू नका. ते तुम्ही नंतर धरणावरून, रस्त्यावरून, कुणाच्या लग्नावरून लावा. दुसरी गोष्ट, बायकांची बसणी वेगळी करा आणि तिथून पुरुषांना गोड बोलून उठवा. एक मामा दारात उभे राहिले तरी "तू चुकीचं सांगते" म्हणतात आणि पुढचा तासभर मामाच सांगतात.

भाषेबद्दल कळकळीने सांगते. आजी गोंडीत सांगत असेल तर गोंडीतच सांगू द्या. तुम्हाला सगळं समजत नसेल तरीही. तिला वाक्यागणिक मराठी करायला लावलं की गोष्टीचे पाय मोडतात. एकदा अखंड गोंडीत घ्या, मग दुसऱ्या दिवशी तेच तुकड्या-तुकड्याने ऐकवून मराठीत अर्थ विचारा आणि तेही टेपा. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात जवळपास ३० लाख होते, तरी गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही आणि यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या ओळी तुमच्या आजीची गोंडी ओळखणार नाहीत. लिहून काढायचं काम हातानेच करावं लागेल. इलान (ELAN) नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाच्या पट्टीखाली एका ओळीत गोंडी, दुसरीत मराठी लिहिता येतं. एका मिनिटाला अर्धा तास लागला तर तुम्ही हळू आहात असं समजू नका, मलाही लागतो.

लिपी कोणती, हा वाद तुमच्याकडे निघेलच. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली मसराम गोंडी लिपी २०१७ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहे. तेलंगणातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली गुंजाला गोंडी २०१८ पासून. दोन्ही आपल्या अभिमानाच्या आहेत. पण ज्यांना वाचून दाखवायचंय त्यांना आज काय वाचता येतं ते पाहा. माझ्या ओळखीच्या गावांत ते देवनागरी असतं. दोन लिप्यांत ठेवलं तरी कुणी अडवत नाही.

आणि आजीने सांगितलेली लिंगोची किंवा जंगो देवीची कथा तुम्ही वाचलेल्या कथेशी जुळली नाही तर तिला दुरुस्त करू नका. गोंदियाकडच्या कचारगडच्या यात्रेत दर माघ पौर्णिमेला लांबलांबून लोक येतात, त्यांच्यात बसून ऐका, नदी बदलली की कथा बदलते. तुमच्या गावची कथा तुमच्या गावची आहे. छापलेल्या कथेसारखी ती करून टाकलीत तर रेकॉर्ड करायचं कारणच उरलं नाही.

कायद्याचं दोन परिच्छेदांत आटोपते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला, सांगणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतःचा हक्क आहे, त्यासाठी नोंदणी लागत नाही. म्हणजे रेकॉर्डिंग तुम्ही केलं म्हणून आजीचा आवाज तुमचा होत नाही. चॅनेलवर जाहिरातीचे पैसे आले तर ते कुणाचे, हे पहिला रुपया यायच्या आधी घरात बोलून ठेवा. मी बसणीच्या दिवसाची मजुरी देते, कारण त्या दिवशी त्यांचा रोज बुडतो. प्रधान गायकाला तर द्यायलाच हवं, त्याला दान देऊन ऐकण्याची तुमचीच रीत आहे. तुमच्या आजीला पैसे दिले तर ती मारेल, तिच्यासाठी दुसरं काही न्या. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी टाकलेलं कुणालाही धंद्यासाठी वापरता येतं आणि तो परवाना मागे घेता येत नाही. शब्दांचे उच्चार, म्हणी, स्वयंपाकाच्या गोष्टी तिथे खुशाल द्या. देवाची, मरणाची गाणी देऊ नका.

दुसरी बाजू तुम्हाला उपयोगाची आहे. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमात, पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही धरलं आहे. तुमच्या गावचा सामूहिक दावा व्हायचा असेल तर म्हाताऱ्यांबरोबर शिवार फिरा, नाल्यांची, ठाण्यांची, मोहाच्या झाडांची नावं त्यांच्या तोंडून घ्या. पण तसलं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकू नका, ते गावाच्या फाइलमध्ये राहू द्या. सीमेच्या वादात तुमचंच वाक्य तुमच्यावर वाचून दाखवतील.

जपण्याबाबत: तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी तिच्या नकलेवर. एक प्रत गावात हवीच. नेटवर्क नसलेल्या गावात लिंक पाठवून काही होत नाही. मेमरी कार्डवर एमपीथ्री भरून द्या, आजीच्या रेडिओ-स्पीकरमध्ये ते चालतं. मोठ्या जागी ठेवायचं असेल तर गुरुग्रामला लोकसंगीताचं संग्रहालय आहे, १९८२ मध्ये सुरू झालेलं, आपल्या नागपुरात भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे. पण देताना कोण ऐकू शकेल याची अट लेखी घाला. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर मुकुर्तू (Mukurtu) नावाची मोफत प्रणाली तयार झाली, तिच्यात कुठला तुकडा कुणाला दिसावा हे त्या-त्या समाजाच्या रिवाजाने ठरवता येतं. गावात दोन-तीन पोरं कॉम्प्युटरची असतील तर दोन वर्षांनी तिकडे बघा. आज नको, आज मेमरी कार्ड पुरेसं आहे.

तेव्हा क्रम असा धरा. या थंडीत आजीबरोबर पाच-सहा बसणी, नुसता आवाज. मग घरात ऐकवणं. मग होळीच्या आधी एका संध्याकाळी गावात, स्पीकर लावून, ज्यांनी "नाही" म्हटलं त्यांना पहिल्या चटईवर बसवून. तिथे जे "जगासाठी" ठरेल तेवढंच चॅनेलवर. पहिल्या वर्षी चार तुकडे टाकलेत तरी पुष्कळ झालं.

राहिली आजीची अर्ध्यावर सोडलेली गोष्ट. तुम्ही "काढून घेऊ" असा शब्द वापरलात, तो मनातून काढा. ती थांबली की तुम्हीही थांबा. रेकॉर्डर चालू असेल तर चालू राहू द्या, "मग पुढे?" म्हणू नका. तिने विषय बदलला तर तुम्हीही बदला. ती का थांबते ते तुम्हाला कदाचित कळेल, कदाचित नाही. तिथे कुणाचं नाव असेल, एखादं मूल गेलं असेल किंवा ती गोष्ट दिवसा सांगायची नसेल.

जिवतीकडे एक आजी होत्या. नवरा आणि त्या तरुणपणी एका रात्रीत गाव सोडून निघाल्या, तिथपर्यंत सांगायच्या आणि उठून चुलीकडे जायच्या. दोन हिवाळे मी तिथपर्यंतच ऐकलं. तिसऱ्या हिवाळ्यात गेले तेव्हा बॅटरी चार्ज करायला रेकॉर्डर शेजारच्या घरी लावून मी विहिरीवर हात-पाय धुवायला गेले होते. परत आले तर आजी तांदूळ निवडत होत्या आणि त्यांची नात, चौदा-पंधरा वर्षांची, भिंतीला टेकून रडत होती. आजींनी तिला पुढचं सांगितलं होतं. नात मला म्हणाली, "मावशी, तुले सांगू काय?" मी तिला म्हटलं, आधी आजीला विचार. आजींनी तांदळातून मान वर न करता नाही म्हटलं. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. गोष्ट तिच्याकडे आहे.